ड्राइव्हसाठी मॉडबस आरटीयू की दोन पोर्टांचं इथरनेट मॉड्यूल?

साखर कारखान्यात गव्हाणीपासून बगॅस (उसाचा चोथा) कॅरिअरपर्यंत व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह, बसले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ड्राइव्हमध्ये मुळातच असलेल्या आरएस-४८५ या तारांच्या पोर्टवर मॉडबस आरटीयू ही संदेशांची पद्धत चालवायची, की प्रत्येक ड्राइव्हला इथरनेटचं वेगळं मॉड्यूल घ्यायचं? मी दोन्ही वापरलं आहे. कॅटलॉगमधले आकडे तुम्ही पाहिलेच असतील, ते सोडून देतो.

आरटीयूच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. वेगळे पैसे लागत नाहीत. वायर तुटली तर रात्रपाळीचा वायरमन स्क्रू ड्रायव्हरने जोडून मोकळा होतो, लॅपटॉप लागत नाही. मधला ड्राइव्ह बंद केला तरी पुढच्यांची लाइन शाबूत राहते. लाइनच्या दोन तारांना ‘ए’ आणि ‘बी’च्या खुणा सगळ्या कंपन्या सारख्या लावत नाहीत, त्यामुळे दोन मेकचे ड्राइव्ह एका लाइनवर आले की कधी तारा उलटवून पाहाव्या लागतात. पण ते एकदाच.

मला खटकली ती वेगळी गोष्ट. आरटीयूत पीएलसी (सगळे ड्राइव्ह चालवणारा कंट्रोलर) एकेका ड्राइव्हला क्रमाने विचारतो. एकाचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याकडे वळत नाही. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) चार रजिस्टर, म्हणजे ड्राइव्हमधले चार आकडे, वाचायची तर प्रश्नोत्तर मिळून २१ बाइट, म्हणजे साधारण २४ मिलिसेकंद. मधले थांबे धरून ४० म्हणू. २० ड्राइव्हची फेरी एका सेकंदाच्या आत संपते. आता त्यातला एक ड्राइव्ह कामासाठी आयसोलेट करा, म्हणजे त्याचा सप्लाय तोडा. टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) ५०० मिलिसेकंद आणि तीन वेळा विचारणा असं सेटिंग असेल, तर त्या एका मुक्या ड्राइव्हवर दर फेरीला दीड सेकंद जातो. बाकीच्या १९ जणांना मिळून लागतो त्याच्या जवळजवळ दुप्पट! डोनेली चूटची (मिलमध्ये ऊस सोडणाऱ्या उभ्या चूटची) लेव्हल बघून कॅरिअरचा वेग बदलायचा असेल तर हा उशीर लगेच जाणवतो. त्यात ड्राइव्हमधला कम्युनिकेशन-लॉसचा वेळ (इतका वेळ संदेश आला नाही तर ड्राइव्ह थांबतो) दोन सेकंदांचा असेल, तर धडधाकट ड्राइव्हही ट्रिप होऊ, म्हणजे आपोआप बंद पडू लागतात.

यावर उपाय नाहीत असं नाही. टाइमआउट कमी करता येतो, उत्तर न देणाऱ्याला काही वेळ वगळणारं लॉजिक लिहिता येतं. चालतंही. पण टाइमआउट फार आवळला की सावकाश उत्तर देणारा चांगला ड्राइव्हही बाद ठरतो. आणि गळीत हंगाम भरात असताना कुठला ना कुठला ड्राइव्ह कामासाठी काढलेला असतोच.

इथरनेटवर प्रत्येक ड्राइव्हशी देवाणघेवाण स्वतंत्र चालते, एकाच्या गप्प बसण्याचा भुर्दंड दुसऱ्याला नाही. फॉल्टची यादी, पॅरामीटरचा बॅकअप कंट्रोल रूममधून घेता येतो, ही सोय हंगामात फार मोलाची वाटते. मात्र खोड इथेही आहे. ड्राइव्ह एकामागून एक जोडले तर मॉड्यूलमधला स्विच (एका पोर्टवरचा संदेश दुसऱ्याने पुढे पाठवणारा भाग) ड्राइव्हच्याच सप्लायवर चालतो. मधल्याचा मेन सप्लाय काढला की पुढचे सगळे नेटवर्कवरून गायब. शेवटचा ड्राइव्ह पुन्हा सुरुवातीला जोडून रिंग केली की हे टळतं: इथरनेट/आयपी या प्रोटोकॉलची डीएलआर रिंग सुमारे ३ मिलिसेकंदांत सावरते, प्रोफिनेट या दुसऱ्या प्रोटोकॉलची एमआरपी रिंग २०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकते, म्हणून तिथे वॉचडॉग (संपर्क तुटला असं ठरवण्याआधी थांबायची मुदत) त्याहून मोठा ठेवावा लागतो. पण रिंग एकच तुटणं झेलते. दोन ठिकाणचे ड्राइव्ह एकाच वेळी काढले की त्यांच्या मधले अडकले.

म्हणून मला बाहेरून २४ व्होल्ट देण्याची सोय सगळ्यात पटली. मेन सप्लाय काढला तरी कंट्रोल कार्ड आणि मॉड्यूल जागं राहतं, लाइन तुटत नाही, आणि बंद ड्राइव्ह कशावर ट्रिप झाला तेही वाचता येतं.

तीन-चार पंपांपुरतं काम असेल तर मी आजही आरटीयूच सुचवेन. तिथे मॉड्यूलचा खर्च वसूल होईल असं वाटत नाही. बगॅसची धूळ आणि कंपनं असतील तिथे साध्या आरजे-४५ प्लगची क्लिप जपावी लागते, हेही खरं. पण ड्राइव्ह दहा-बाराच्या पुढे गेले आणि वेग एकमेकांवर अवलंबून असले, तर माझं मत इथरनेटला. कोटेशन मागवताना एवढं विचारून घ्या: २४ व्होल्टचं टर्मिनल मूळ ड्राइव्हवरच आहे, की त्यासाठी आणखी एक ऑप्शन कार्ड घ्यावं लागेल आणि ते कम्युनिकेशन मॉड्यूलसोबत एकाच वेळी बसतं का.