साडेसहाशेचा हेडलॅम्प अन् बाभळीवरची कोळीण

सोलापूरच्या नवी पेठेतून घेतलेला, डोक्याला बांधायचा हेडलॅम्प, तीन आठवडे वापरून सांगतोय. हिप्परग्याच्या तळ्याकडं पाहुण्यांचं रान आहे, तिथं बांधावरच्या बाभळीला एक कोळी अंधार पडला की नवं जाळं घालतो (घालते म्हणा, मादीच आहे ती) आणि पहाटे तेच जाळं खाऊन टाकते, म्हणून दिवसा गेलात तर पानाआड गोळा होऊन बसलेली सापडत पण नाही.

पांढरा लाईट लावला की पाकोळ्या डोक्याभोवती, एक तर तोंडातच गेली. लाल मोड बेस्ट, किडे कमी येतात. कोळणीला तसंही नीट दिसत नाही, सगळं धाग्याच्या हलण्यावरून कळतं, त्यामुळं ट्रायपॉड फांदीला घासला की संपलं, पळालीच.

फोटोला मात्र लाईट समोरून नको, लॅम्प काढून मित्राकडं दिला, बाजूनं धरला तेव्हा कुठं धागे चमकले. फोकस मॅन्युअल ठेवा, ऑटो मागच्या अंधारात भटकत बसतो.

बॅटरी बोगस. डब्यावर ८ तास, चालते २. दुकानदार म्हणतो, "पांढरा कमी वापरा की ओ." मग घेतला कशाला? पट्टा पण घामानं सैल होतो.

आणि बूट घालून जावा, पायाकडं लाईट मारत चला, तिकडं घोणस निघते.