हीथवरची (हीदरच्या झुडपांच्या माळरानावरची) निळी फुलपाखरं मोजायला पेंटॅक्स पॅपिलिओ २ दुर्बीण: ६.५×२१ च घ्या

सिल्व्हर-स्टडेड ब्लू हे हीथवरचं छोटं निळं फुलपाखरू पंख मिटून बसलं की दोन खुणा बघायच्या. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, कडेच्या काळ्या ठिपक्यांत निळसर-हिरवे चकाकते कण. आणि पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, अंगालगतच्या भागात ठिपका नसणं. कॉमन ब्लू या त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या फुलपाखराला तिथे बहुधा ठिपका असतो. पंख पसरून जेमतेम तीन सेंटिमीटर भरणाऱ्या जिवावर हे शोधायचं, तेही जाळीत न पकडता आणि हीदर न तुडवता. त्यासाठी ही दुर्बीण अगदी चपखल आहे.

तिचा फोकस ५० सेंटिमीटरपर्यंत जवळ येतो. नेहमीच्या दुर्बिणीत इतक्या जवळचं काही स्पष्ट दिसत नाही आणि दोन डोळ्यांना दिसणारी चित्रंही जुळत नाहीत. पॅपिलिओत फोकस जवळ आणला की पुढची दोन्ही भिंगं एकमेकांकडे सरकतात, म्हणून चित्र एकच राहतं. वजन २९० ग्रॅम, गळ्यात जाणवतही नाही.

याच दुर्बिणीच्या ८.५×२१ चा मोह टाळा (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). त्यात ठिपके मोठे दिसतात, पण हाताचा कंपही मोठा होतो, दृश्य ७.५ अंशांऐवजी ६ अंशांचं उरतं आणि वाऱ्याने काडी जराशी हलली की फुलपाखरू फोकसबाहेर जातं.

निघतानाच फोकस दोन मीटरवर लावून ठेवा. फुलपाखरू आधी नजरेनं पकडा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी न्या. आपली सावली त्याच्यावर पडली की ते उडालंच. ग्रेलिंग हे दुसरं फुलपाखरू तर बसल्यावर क्षणभरच पुढच्या पंखावरचा डोळ्यासारखा ठिपका दाखवतं. मग तो पंख आत ओढला की करड्या नक्षीसकट मातीत दिसेनासं होतं.

ट्रान्सेक्टवर, म्हणजे मोजणीच्या ठरलेल्या वाटेवर, मोजणी उघड्या डोळ्यांनीच करा, पाच मीटरच्या पट्ट्यात. शंका आली तरच थांबून दुर्बीण लावा. दुर्बिणीतून शोधत चाललात तर पट्ट्याबाहेरची फुलपाखरं आकड्यात शिरतात. ही शिस्त हवीच. सिल्व्हर-स्टडेड ब्लूच्या अळ्या काळ्या मुंग्यांच्या सोबतीने वाढतात. हीदर जुनं, उंच झालं की खालची उघडी, उबदार जमीन सावलीत जाते आणि हे फुलपाखरू तिथे टिकत नाही. बहुतेक प्रौढ जन्मभर पन्नास मीटरच्या आतच फिरतात, त्यामुळे पलीकडच्या तुकड्यातून भरपाई होईल अशी आशा नको. चार कॉमन ब्लू चुकून याच खात्यात जमा झाले, तर घट दिसतच नाही आणि झुडपं कापायची वेळ निघून जाते. १८०० पासून ब्रिटनमधली सखल भागातली ८० टक्क्यांहून जास्त हीथ गेली आहे. उरलेल्या तुकड्यांवर असा उशीर परवडणारा नाही.

उणिवा सांगायलाच हव्यात. ही जलरोधक नाही. सर आली की पिशवीत टाका आणि घरी सिलिका जेलसोबत ठेवा. जाड फ्रेमच्या चष्म्यातून कडा कापल्या जातात, म्हणून घेण्याआधी चष्मा लावून बघा. २१ मिलिमीटरची भिंगं सांजवेळी अंधूक पडतात, त्यामुळे संध्याकाळच्या पक्ष्यांसाठी वेगळी दुर्बीण लागेल.