जॅकवेलची वायरलेस लिंक: एका गळीत हंगामाच्या वापरानंतर

साखर कारखान्याची कंट्रोल रूम ते नदीकाठचं जॅकवेल (पाणी उपसायची पंप-विहीर), हवाई अंतर ६०० मीटर. पलीकडे पंपांचा पीएलसी (पंप चालवणारा कंट्रोलर, मॉडबस टीसीपी या औद्योगिक प्रोटोकॉलवर बोलणारा) आणि चार कॅमेरे. दोन्ही टोकांना मायक्रोटिकचे एसएक्सटी स्क्वेअर ५ एसी रेडिओ, त्यांच्यामागे एकेक हेक्स राउटर, सगळं मायक्रोटिकच्याच राउटरओएस ७ या सॉफ्टवेअरवर. जॅकवेलला जोडीला, राखीव मार्ग म्हणून, एलटीई (४जी) मॉडेम. जूनमध्ये बसवलेली लिंक हंगाम संपेपर्यंत वापरून झालेलं मत असं: रेडिओचं काम एकदा केलं की संपतं, डोकं खातं ते राउटिंग.

लिंक उसाच्या फडावरून जात असेल तर खांबाची उंची जूनचा ऊस बघून ठरवू नका. ५.८ गिगाहर्ट्झला ६०० मीटरच्या मध्यावर फ्रेनेल झोनची (सरळ रेषेभोवतीच्या, सिग्नलला लागणाऱ्या पट्ट्याची) त्रिज्या साधारण २.८ मीटर येते आणि त्यातली ६० टक्के, म्हणजे १.७ मीटर तरी मोकळी लागते. तोडणीला आलेला ऊस साडेतीन-चार मीटर सहज होतो, शिवाय पावसात आणि दवात तो ओला असतो. म्हणजे मधल्या भागात सरळ रेषा सहा मीटरच्या खाली नको. नऊ मीटरचे जीआय खांब पुरले.

सिग्नलचा हिशेब आधी कागदावर करा. पॉवर २० डीबीएम, दोन्हीकडे १६ डीबीआयची अँटेना, पाथ लॉस १०३ डीबी; उत्तर येतं −५१ डीबीएम. प्रत्यक्षात −५५च्या आसपास मिळतो आणि तो छान आहे. दहा-बारा डीबीचा फरक पडला, किंवा रेडिओच्या दोन चेनमध्ये (स्वीकार-मार्गांमध्ये) सहा डीबीपेक्षा जास्त तफावत दिसली, तर तोंडं नीट जुळलेली नाहीत. चॅनेल २० मेगाहर्ट्झचाच ठेवा. चार कॅमेऱ्यांचे मिळून १६ एमबीपीएस त्यात आरामात जातात, आणि ८० मेगाहर्ट्झ घेतला तर नॉइज ६ डीबीने वाढतो, हाती काही लागत नाही. खांबावर चढवण्याआधी टेबलावर समोरासमोर ठेवून तपासणार असाल तर पॉवर कमी करा, नाहीतर रिसीव्हर ओव्हरलोड होऊन चांगली जोडीही खराब वाटते.

आता मोड. कारखान्याच्या बाजूला 'ब्रिज', पलीकडे 'स्टेशन-ब्रिज'. साध्या 'स्टेशन'मध्ये वाय-फाय फ्रेमला तीनच मॅक पत्ते (यंत्रांचे हार्डवेअर पत्ते) असतात, त्यामुळे स्टेशनच्या मागच्या यंत्राच्या पत्त्याला जागाच उरत नाही. 'स्टेशन-स्यूडोब्रिज' मॅक बदलून वेळ मारून नेतो. आयपीव्ही४पुरतं त्याला ते जमतं, म्हणून पिंग होतं, मॉडबस चालतं आणि सगळं ठीक वाटतं. प्रोफिनेट या औद्योगिक प्रोटोकॉलचा रिअल-टाइम डेटा मात्र आयपीशिवाय थेट इथरनेटवरून जातो आणि तिथे हा जुगाड उघडा पडतो. 'पिंग येतंय पण पीएलसी सापडत नाही' अशी तक्रार आली की आधी हा मोड बघायचा. दोन्ही रेडिओंवर वायरलेस ड्रायव्हरही एकच हवा: नव्या वाय-फाय पॅकेजमध्ये एनव्ही२ (मायक्रोटिकचा स्वतःचा वायरलेस प्रोटोकॉल) नाही, त्यामुळे एकाच टोकाला ते टाकलं तर एनव्ही२वरची लिंक तुटलीच समजा.

रेडिओ ब्रिज असला तरी दोन्हीकडचं नेटवर्क एकच ठेवू नका. कारखान्यातल्या एखाद्या स्विचचा लूप (गोल फिरत राहणारी पॅकेटं) जॅकवेलपर्यंत पोहोचायला नको. इथे हेक्स ते हेक्स १०.२५५.०.०/३० आहे, कंट्रोल रूम १९२.१६८.१०.०/२४, पीएलसी २०.०, कॅमेरे ३०.० (१९२.१६८ सगळीकडे तेच, म्हणून पुढे शेवटचे दोन आकडेच). जॅकवेलच्या राउटरवर १०.०चा मुख्य रूट १०.२५५.०.१ वरून, डिस्टन्स १ (कमी आकड्याला प्राधान्य), चेक-गेटवे पिंग. दुसरा एलटीईवरच्या वायरगार्ड या व्हीपीएन बोगद्यातून, डिस्टन्स १०. चेक-गेटवे दर दहा सेकंदांनी पिंग करतो आणि दोन चुकले की रूट बंद करतो, म्हणून स्काडाचा (कंट्रोल रूममधल्या देखरेख-प्रणालीचा) कम्युनिकेशन-फेल अलार्म ३० सेकंदांच्या आत ठेवलात तर प्रत्येक फेलओव्हरला भोंगा वाजेल. कारखान्याच्या बाजूलाही २०.०साठी हीच जोडी लागते. एकाच टोकाला लावली तर पॅकेट एलटीईने येतं, उत्तर मेलेल्या रेडिओकडे जातं. सिम सीजीनॅटच्या (मोबाइल कंपनीच्या सामायिक पत्त्याच्या) मागे असतं, बाहेरून थेट पोहोचता येत नाही, तेव्हा बोगदा जॅकवेलकडूनच सुरू करावा लागतो, पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंद. अलाउड-अ‍ॅड्रेसमध्ये पलीकडचं सबनेट लिहायला विसरलात तर हँडशेक होतो, डेटा जात नाही.

कॅमेरे एलटीईवर गेले तर दिवसाचा डेटा बघता बघता संपतो. त्यासाठी वेगळं राउटिंग टेबल, त्यात १०.०चा एकच रूट, रेडिओवरून. आवृत्ती ७मध्ये टेबल आधी तयार करून त्याचा 'एफआयबी' हा पर्याय टिक करावा लागतो. नुसतं नाव लिहून चालायचं ते दिवस आवृत्ती ६ सोबत गेले. मग राउटिंग रूल: सोर्स ३०.०/२४, अ‍ॅक्शन 'लुकअप-ओन्ली-इन-टेबल'. नुसतं 'लुकअप' दिलं तर रेडिओ पडताच तो गुपचूप मुख्य टेबलमध्ये जातो, म्हणजे एलटीईवर. या रूलचा एक त्रास आहे. राउटरचा स्वतःचा ३०.१ हा पत्ताही त्याच सोर्समध्ये येतो आणि नव्या टेबलमध्ये ३०.०चा रूट नसतो, त्यामुळे कॅमेऱ्यांना एनटीपीचं (वेळ जुळवणाऱ्या सेवेचं) उत्तर मिळत नाही आणि त्यांची घड्याळं भरकटतात. उपाय: या रूलच्या वर आणखी एक, डेस्टिनेशन ३०.०/२४, लुकअप मेन. क्रम उलटा झाला तर उपयोग शून्य. हेच मँगलने (पॅकेटवर खूण करणाऱ्या नियमांनी) करणार असाल तर फास्टट्रॅक (पॅकेट झटपट पुढे पाठवणारा शॉर्टकट) बंद करा, तो मँगलला बगल देतो.

बाकी किरकोळ. केबल रेडिओत खालून, ड्रिप लूप देऊन. केबल बाहेरच्या वापराची, शील्डेड, आणि दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर. सप्लाय २४ व्होल्ट बॅटरीवरून असेल तर फ्लोट चार्जिंगला २७.६ व्होल्ट येतात, त्यामुळे रेडिओच्या डेटाशीटमधली इनपुट मर्यादा तपासा.

कॉन्फिगमधला बदल नेहमी दूरच्या टोकाला आधी, तोही सेफ मोडमध्ये. जोडणी तुटली तर टीसीपी टाइमआउटनंतर, म्हणजे साधारण नऊ मिनिटांनी, बदल आपोआप मागे फिरतो, तेवढा वेळ धीर धरा. आणि पंपाचा लो-लेव्हल ट्रिप (पाणी कमी झालं की पंप बंद करणारा) जॅकवेलच्या पॅनेलमध्येच वायरने जोडा. तो या लिंकवर अजिबात टाकू नका.