लांब दांड्याची काळी छत्री : मृगापासून हस्तापर्यंत

कन्नडमध्ये छत्रीला 'कोडे' म्हणतात. मराठी कानाला ते कोडंच ऐकू येतं, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पावसात छत्री घेऊन भटकायला निघालेल्या माणसाला त्यात काही चुकलंय असं वाटत नाही.

छत्री अशी : वाकडी लाकडी मूठ, पोलादी नळीचा दांडा, ८ काड्या, काडी २४ इंची, काळं सुती कापड, हाताने वर सारायचा खटका. उघडली की घेर एक मीटरच्या थोडा वर. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जवळपास दर रविवारी बाहेर निघाली : जांबोटी-कणकुंबी, आंबोली, हलशी, राजहंसगड, गोकाकचा धबधबा. बरोबर तीन घड्यांची एक छोटी नायलॉनची छत्रीही होती, तुलनेसाठी. ती ऑगस्टमध्ये राजहंसगडावर मोडली. गडावर वारा एका बाजूने येत नाही. बुरुजावर आपटून खालून वर येतो, आणि घडीच्या काडीला तीन-तीन सांधे असतात. त्यातला मधला आधी मोडतो.

लांब छत्रीही उलटते, पण उलटली म्हणजे मोडली असं नाही. बऱ्याच छत्र्या वाऱ्याने मोडत नाहीत, उलटल्यावर माणसं घाईने कापड धरून खाली ओढतात तेव्हा मोडतात. काडी पन्हळीसारखी दुमडलेल्या पत्र्याची असते. एकदा तिला मोड पडली की सरळ केली तरी पुढच्या वेळी तिथेच वाकते. उलटली की काड्यांना हात लावायचा नाही. वाऱ्याकडे पाठ करायची, खटका दाबून दांड्यावरची सरकती नळी मुठीकडे ओढायची. छत्री मिटते आणि काड्या आपोआप जागेवर येतात. वाऱ्यात चालताना छत्री डोक्यावर उंच धरू नये. वाऱ्याच्या तोंडाला थोडी कलती आणि इतकी खाली, की कापड जवळजवळ टोपीला टेकेल. समोरचं दिसत नाही, ही त्याची किंमत. फायबरच्या काड्या वाकून परत सरळ होतात, हे खरं; पण त्या तुटल्या तर गावातला दुरुस्तीवाला हात वर करतो. पोलादी काडी त्याच्या पेटीत असते.

आंबोलीबद्दल साफ सांगायचं तर तिथे छत्री हा शिष्टाचार आहे, उपाय नाही. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या ठिकाणी गुडघ्याखाली कोरडं राहायची अपेक्षा ठेवू नये. अर्ध्या-पाऊण तासानंतर सुती कापडातून बारीक तुषार आत येऊ लागतात. कापड फाटलेलं नसतं. थेंबाच्या माऱ्याने विणीतलं पाणी आत झटकलं जातं. शिवणीतून मात्र खरी गळती असते, सुईच्या भोकांतून. त्यावर उपाय सोपा : छत्री पूर्ण वाळवून उघडी धरायची, साधी पांढरी मेणबत्ती शिवणीवरून बाहेरच्या बाजूने दोनदा घासायची, अंगठ्याने दाबून जिरवायची. ८ शिवणींना एक मेणबत्ती पुरून उरते. नायलॉनवर मेण धरत नाही, आणि ते जिरवायला ऊब दिली तर कापडच आक्रसतं.

गोकाकची गोष्ट उलटी. तिथे अनेकदा वर ऊन असतं. धबधबा भरतो तो पश्चिमेला घाटात पडलेल्या पावसाच्या पाण्याने. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि भिजवते ती खालून, समोरून. छत्री ढालीसारखी आडवी धरायची. झुलत्या पुलावर मात्र मिटूनच न्यावी. एक मीटरचा घेर आणि समोरून येणारी आठ माणसांची सहल यांचं जमत नाही.

काठी म्हणून वापर हा या छत्रीचा निम्मा आनंद. चिखलात ती उत्तम. शेवाळलेल्या जांभ्यावर मात्र टोकाचं लोखंड सरकतं, आणि भरवसा टाकलेला माणूसही. म्हाताऱ्यांच्या काठीला बसवतात तो रबरी बूट औषधांच्या दुकानात मिळतो. टोकाची जाडी मोजून सर्वांत लहान मापाचा घ्यावा, सैल वाटला तर आत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. एवढ्याने पायऱ्यांवरचं चालणं बदलतं. तरी पूर्ण वजन टाकू नये. खटका बसवायला दांड्याला जी खाच पाडलेली असते, तिथे दांडा सगळ्यांत कमजोर असतो, आणि वाकतो तो तिथेच. मग सरकती नळी अडकते, छत्री ना उघडते ना मिटते. वाकड्या मुठीने जांभळाची फांदी खाली ओढतानाही हेच लक्षात ठेवावं. ओढावं हळू, झटका देऊ नये. (फांदीवरचं पाणी डोक्यावर येतं; त्या वेळी छत्री मिटलेली असते, हा तिचा जुना विनोद.)

बसमध्ये ओली छत्री पुढच्या सीटच्या दांड्याला अडकवली की पुढच्याच्या पाठीत गळते आणि भांडण मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपतं. दोन पायांच्या मध्ये, मूठ वर, टोक खाली. खिडकीतून आत टाकून जागा धरायची पद्धत रुमालासाठी आहे; छत्रीवर कोणी बसलं तर दोन काड्या गेल्या. स्कूटरवर मागे बसून छत्री उघडू नये, हे सांगावं लागतं कारण दर पावसाळ्यात कोणीतरी उघडतंच. हँडलला अडकवूही नये, वळताना अडते.

हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळाबाहेर दहा काळ्या छत्र्या ओळीने उभ्या असतात. मुठीला लाल दोरा बांधून ओळख पटत नाही, कारण पाच जणांनी तोच बांधलेला असतो. आतल्या कापडावर, काडीच्या बाजूला, पांढऱ्या ऑइल पेंटने आडनाव लिहावं. जुन्या माणसांची ही सवय बावळट दिसते आणि छत्री घरी आणते.

आता खरं दुखणं : गंज. ओली छत्री सगळे खिळ्याला मुठीने टांगतात. तशी टांगली की शेंडा खाली येतो, सगळं पाणी तिथे उतरतं, आणि ज्या तारेत सगळ्या काड्या ओवलेल्या असतात नेमकी ती तार भिजत राहते. सप्टेंबरात ती तुटली. एक तार तुटली की आठही काड्या सैल. जस्ताचा मुलामा दिलेली तार घालून दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत ओवून दिली, आणि काड्यांच्या टोकांवरच्या दोन टोप्यांचे टाकेही घातले. त्यानंतरची रीत अशी : आल्यावर चारदा झटकायची, अर्धी उघडून मूठ खाली करून कोपऱ्यात उभी ठेवायची, पाणी टोप्यांवरून गळू द्यायचं. तासाभराने पूर्ण उघडून सावलीत, पंख्याखाली. आंबूस वास आला तर बुरशी धरली समजा. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि एक दिवस उघडी. सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, तोही पुसून. खोबरेल नको, धूळ धरतं.

दिवाळीआधी ठेवताना वर्तमानपत्रात सैल गुंडाळून कपाटावर आडवी ठेवली आहे. पट्टा लावलेला नाही. बांधून ठेवलं तर कापडाला घड्या पडतात, आणि पुढच्या मृगाचं पहिलं पाणी त्या घडीतूनच आत येतं.