सेकंडहँड शॉटगन दुकानातून नावावर करून घेतली, त्या सर्व्हिसचा रिव्ह्यू (बे एरिया, ५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, हा बंदुकीचा रिव्ह्यू नाहीये. दोन साध्या माणसांनी आपापसात बंदुकीचा व्यवहार करायचा असेल तर कॅलिफोर्नियात तो लायसन्स असलेल्या डीलरच्या काउंटरवरूनच करावा लागतो, त्याला प्रायव्हेट पार्टी ट्रान्सफर म्हणतात, सगळे पीपीटीच म्हणतात, तर त्या सर्व्हिसबद्दल लिहितेय. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण तक्रारीपण आहेत आणि तिथली माणसं वाईट नाहीत.

झालं असं की मुलगा शाळेच्या क्ले टार्गेट टीममध्ये (हवेत उडवलेल्या तबकड्यांवर नेम धरतात) आहे, वर्षभर दुसऱ्यांची बंदूक मागून वापरत होता. क्लबमधले एक आजोबा, सत्तरीच्या पुढचे, खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी शूटिंग बंद केलं आणि त्यांची २० गेजची शॉटगन विकायला काढली. ९०० डॉलर ठरले. मला वाटलं पैसे द्यायचे आणि गाडीत टाकून आणायची, तर ते म्हणाले नाही नाही, शनिवारी दुकानात भेटू, दोघांनाही यायला लागतं.

शनिवारी गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणे आज गर्दी आहे, पीपीटी करत नाही, वीकडेला या. आजोबांनी शांतपणे सांगितलं की बाबा रे, डीलरला पीपीटी करून द्यावीच लागते, नाही म्हणता येत नाही. मग मॅनेजर आला. मग फीचा घोळ! मला ७५ डॉलर सांगितले, ती ऑनलाइन मागवलेल्या बंदुकीची ट्रान्सफर फी होती, पीपीटीला डीलर जास्तीत जास्त १० डॉलर घेऊ शकतो आणि वर सरकारची फी ३७.१९, म्हणजे सगळे मिळून ४७.१९. हे मी आदल्या रात्री वाचून गेले होते म्हणून बोलले, नवीन माणूस गपचूप देऊन आला असता. एक स्टार इथेच कापला.

माझ्याकडे फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट नव्हतं ते तिथेच काढलं, २५ डॉलर, ३० प्रश्न, २३ बरोबर यावे लागतात, सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं. पुस्तिका आदल्या दिवशी वाचा, प्रश्न कॉमन सेन्सचेच असतात पण कायद्याचे चारपाच अडवतात. मग अंगठ्याचा ठसा, ड्रायव्हिंग लायसन्स, आणि बंदूक घेणाऱ्याने भरायचा तो फेडरल फॉर्म ४४७३.

आपल्या लोकांनी या फॉर्मकडे नीट लक्ष द्या. आपलं मधलं नाव वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं असतं, माझ्या नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर ते पूर्ण आहे, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं एक अक्षर, आणि काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये तेपण गाळून टाकलं. मी म्हटलं थांब, परत टाक. बॅकग्राउंड चेकमध्ये, म्हणजे घेणाऱ्यावर बंदी आहे का ते सरकारी रेकॉर्डमध्ये बघतात त्यात, नावात फरक पडला की रेकॉर्ड जुळत नाही आणि केस लटकते. त्याने कुरकुर न करता सगळं परत टाईप केलं, वीस मिनिटं गेली, पण केलं, याचं मला खरंच कौतुक वाटलं. आणि एच-१बी (नोकरीचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असाल तर साधारणपणे बंदूक घेताच येत नाही, शिकारीच्या लायसन्सचा वगैरे अपवाद आहे पण त्याच्या जोरावर उड्या मारू नका, आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. फॉर्मवर गांजाचा प्रश्नपण आहे, कॅलिफोर्नियात कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे.

सगळं झाल्यावर बंदूक दुकानातच राहते. दहा दिवस. आणि दहा म्हणजे अगदी तासावर मोजलेले दहा.

आता मुद्द्याचं. लाईनमध्ये उभं असताना आजोबांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाहीये. ते आधी अॅरिझोनात होते. नव्वदच्या दशकात तिथल्या एका गन शोमध्ये (बंदुकांचं प्रदर्शन आणि विक्री) त्यांनी स्वतःचं एक पिस्तूल एका अनोळखी माणसाला विकलं, कॅश घेतली, हात मिळवला, झालं. नाव विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती कायद्याने. म्हणाले टीव्हीवर काही बातमी आली की अजून मनात येतं, ते पिस्तूल आज कुणाकडे असेल? तीस वर्षं झाली या गोष्टीला. मी इतकी वर्षं बॅकग्राउंड चेक म्हणजे घेणाऱ्याची चौकशी असंच समजत होते, विकणाऱ्यालापण त्याची इतकी गरज असते हे मला त्या काउंटरवर कळलं.

कारण फेडरल कायदा बघा काय म्हणतो. धंदा म्हणून विकणाऱ्याला लायसन्स लागतं, हे १९६८ च्या कायद्यात आहे, आणि लायसन्सवाल्याला प्रत्येक गिऱ्हाइकाचा चेक करावा लागतो. पण अधूनमधून स्वतःची बंदूक विकणाऱ्या खाजगी माणसावर ही जबाबदारीच नाही, त्याने फक्त समोरच्याला बंदूक बाळगायला कायद्याने बंदी आहे हे माहीत असताना किंवा तसा संशय यायला सबळ कारण असताना विकायचं नाही. म्हणजे न विचारणारा सेफ! आणि विचारायचं म्हटलं तरी तो काय विचारणार, चेहरा बघून ठरवणार. इथे मला आपल्याबद्दल वाटतं हो. माझ्यासारखी सावळी, अॅक्सेंटवाली बाई समोर उभी राहिली तर चेहऱ्यावरून निर्णय कुठे जाईल सांगता येत नाही, आणि टापटीप दिसणारा माणूस मात्र बायकोला मारहाण केल्याची शिक्षा झालेला असू शकतो. सिस्टीमला माझा चेहरा दिसत नाही, रेकॉर्ड दिसतं, आणि आजोबांनाही माझ्याबद्दल काही ठरवायला लागलं नाही.

माझा दीर डॅलसला असतो. त्याला हे सांगितलं तर हसला, वहिनी इथे असलं काही नाही म्हणाला. त्याने दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन जाहिरात बघून एक रायफल घेतली, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, विकणाऱ्याने स्वतःच्या समाधानासाठी टेक्ससचं ड्रायव्हिंग लायसन्स बघितलं एवढंच. माझा दीर सरळ माणूस आहे म्हणून काही बिघडलं नाही. पण त्याच टेक्ससमध्ये ३१ ऑगस्ट २०१९ ला मिडलंड आणि ओडेसामध्ये एकाने गाडीतून जाताजाता सात जणांना मारलं, तो माणूस २०१४ मध्ये डीलरकडे चेकमध्ये फेल झाला होता. फेल झालेला! मग त्याने रायफल खाजगी विक्रेत्याकडून घेतली. सिस्टीमने त्याला बरोबर ओळखलं होतं आणि कायद्यानेच बाजूला दुसरं दार उघडं ठेवलं होतं. त्या विक्रेत्याला नंतर लायसन्सशिवाय धंदा केल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली, पण ती २०२१ मध्ये.

दिराशी वाद झाला आमचा, फोनवर तासभर. त्याचे मुद्दे मी उडवून लावणार नाही. पहिला, चेकच्या नावाखाली सरकार यादी बनवेल. तर फेडरल सरकारला बंदूकमालकांची यादी करायला १९८६ च्या कायद्याने बंदी आहे, पास झालेल्या चेकची नोंद २४ तासांत पुसावी लागते. पण कॅलिफोर्निया मात्र २०१४ पासून शॉटगन-रायफलींचीपण नोंद ठेवतं, म्हणजे त्याची भीती अगदीच हवेतली नाही, हे मी मान्य केलं. मला स्वतःला त्या नोंदीचं काही वाटत नाही. आजोळ सिंधुदुर्गातलं, मामाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक, डुक्कर आणि माकडं बागेची वाट लावतात म्हणून. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, आणि माझे आजोबा गेल्यावर मामाच्या नावावर करायला किती हेलपाटे पडले ते अख्ख्या घराने बघितलंय, घरातलीच बंदूक असूनसुद्धा. इथे तर आईवडिलांकडून मुलाला द्यायची असेल तर दुकानातसुद्धा जावं लागत नाही, घेणाऱ्याकडे सेफ्टी सर्टिफिकेट असलं की एक फॉर्म आणि फी पाठवली की झालं.

दुसरा मुद्दा, गुन्हेगार काय दुकानात जाणारेत का. यावर मी नुसतं वाटतं म्हणून बोलत नाही. २०१७ मध्ये एक राष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली होती, त्यात आधीच्या दोन वर्षांत बंदूक मिळवलेल्यांपैकी २२ टक्के लोकांनी चेक न होता मिळवलेली होती. त्यात खाजगी खरेदीचे आकडे बघा, जिथे नियम नाही तिथे ५७ टक्के बिनचेकची, आणि जिथे नियम आहे तिथे २६. म्हणजे नियमाने शंभर टक्के थांबत नाही पण अर्ध्याहून कमी होतं. दिराने लगेच कॅलिफोर्नियाचा अभ्यास काढला, यूसी डेव्हिस आणि जॉन्स हॉपकिन्सवाल्यांचा, २०१८ चा, की इथे १९९१ पासून खाजगी विक्रीला चेक आला तरी पुढच्या दहा वर्षांत बंदुकीच्या मृत्यूंमध्ये त्यामुळे फरक पडलेला दिसला नाही. तो अभ्यास खरा आहे. मी तो लपवणार नाही.

पण त्यातून चेक काढून टाका असं निघत नाही ना. चेक म्हणजे शेवटी रेकॉर्ड, आणि रेकॉर्ड अर्धवट असेल तर मशीन काय करणार. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एप्रिल २००७ मध्ये गोळीबारात ३२ जण गेले, त्यात मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला आलेली एक मुलगी होती, तेव्हा आपल्याकडच्या प्रत्येक घरात ज्यांची मुलं इकडे होती त्यांनी फोन लावले होते. त्या मारेकऱ्याला कोर्टाने मानसिक उपचारांची सक्ती केली होती, पण ती माहिती फेडरल सिस्टीमपर्यंत गेलीच नव्हती, तो डीलरकडे चेक पास झाला. २०१७ मध्ये टेक्ससमधल्या सदरलंड स्प्रिंग्जच्या चर्चमधल्या गोळीबारात तेच, मारेकऱ्याला झालेली घरगुती हिंसाचाराची शिक्षा एअर फोर्सने कळवलीच नव्हती. कनेक्टिकटने १९९५ मध्ये नुसत्या चेकवर न थांबता आधी परमिट, बोटांचे ठसे, ट्रेनिंग असं केलं तर तिथे बंदुकीचे खून साधारण ४० टक्क्यांनी कमी झाल्याचा अंदाज अभ्यासकांनी काढला. म्हणून मला वाटतं आपण अर्धं काम करून निकाल मागतोय.

आणि हे देशभर का होत नाही याचा मला मनापासून राग येतो. सँडी हूकच्या शाळेत २०१२ मध्ये गोळीबारात २० लहान मुलं गेली, त्यानंतर १७ एप्रिल २०१३ ला सिनेटमध्ये मॅन्चिन आणि टूमी या दोन सिनेटरांचा प्रस्ताव आला, गन शो आणि ऑनलाइन विक्रीला चेक, मित्र-नातेवाईकांमधल्या व्यवहाराला सूट, यादी करायला बंदी, म्हणजे दिराच्या मुद्द्यांची उत्तरं त्यातच होती. ५४ विरुद्ध ४६. बहुमत मिळालं पण ६० मतं लागत होती. २०२२ च्या कायद्याने धंदा कशाला म्हणायचं त्याची व्याख्या थोडी रुंद केली, तेवढंच.

असो, सर्व्हिसकडे येते. दहाव्या दिवशी अकरा चाळीसची वेळ होती, मी सव्वा अकराला पोचले तर मुलाने बसायला खुर्ची दिली पण मिनिटभरही आधी दिली नाही. मला ते आवडलं. बंदूक पुसून आणून दिली, हाताळणीचा डेमो माझ्याकडून करून घेतला, दोनदा.

वजा बाजू: फीचा बोर्ड लावलेला नाही, तो लावा हो, पीपीटीचा वेगळा. शनिवारी टाळाटाळ करतात. आणि पीपीटीसाठी एकच माणूस बसवलाय त्यामुळे आमचे पावणेदोन तास गेले, आजोबा उभे राहून थकले.

जाणाऱ्यांसाठी: घरी मान्यताप्राप्त सेफ (बंदुकीची तिजोरी) असेल तर त्याचा मेक-मॉडेल लिहून न्या, नाहीतर बंदुकीचं लॉक घ्यावं लागतं. दोघांनी एकाच वेळी पोचा. नाव सर्टिफिकेटवर जसं आहे तसंच टाईप झालंय का ते सही करण्याआधी वाचा. आणि विकणारे असाल तर तुमची कॉपी मागून घ्या, ते आपणहून देत नाहीत. आजोबांनी मागितली होती. मी बंदूक मिळाल्याचा मेसेज केला तर त्यांनी त्या कागदाचा फोटो पाठवला, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून फायलीला लावलाय.