जिग हेडला ग्रिल-गेटची पावडर: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

जिग हेड म्हणजे मासेमारीच्या गळावर ओतलेला शिशाचा गोळा. त्याला तापवून लावायच्या रंगाची, म्हणजे विलायती जिग पावडरची, डबी ५७ ग्रॅमची. कस्टम आणि कुरिअर धरून तिला जे पैसे पडतात, त्यात कुपवाड एमआयडीसीतला ग्रिल-गेटना पावडर कोटिंग करणारा कोटिंगवाला किलोभर पावडर देतो आणि वर सुटे पैसेही परत करतो. पण किलो घेऊ नका. ७ ग्रॅमच्या गोल हेडचा पृष्ठभाग साधारण साडेतीन चौरस सेंटिमीटर. १०० मायक्रॉनचा थर दिला तरी पावडर लागते जेमतेम ०.०५ ग्रॅम. सांडलवंड तेवढीच धरली तरी १०० ग्रॅममध्ये हजार हेड होतात. एवढी हेड सांगलीच्या आयर्विन पुलाखालच्या दगडांत अडकवायलाही बरीच वर्षं लागतील, आणि पावडर टिकते वर्षभर, तीही थंड जागी. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल काढला की तिचे खडे होतात. फोडलेल्या पेटीतली उरलेली १०० ग्रॅम मागा. स्प्रे मारायच्या बूथच्या तळाची झाडलेली मात्र फुकट दिली तरी नको, पांढऱ्यात काळे ठिपके येतात.

प्रकार विचारून घ्या. गेटला पॉलिस्टर असते, घरातल्या कपाट-रॅकला बहुधा हायब्रिड, म्हणजे इपॉक्सी-पॉलिस्टर. हायब्रिड उन्हात खडूसारखी पांढुरकी पडते म्हणून सुरुवातीला माझं मत सरळ होतं: पॉलिस्टरच घ्या. आता तसं नाही. हेड पाण्यात नाहीतर डबीत असतं, उन्हात असतं कितीसं? आणि पांढुरकं पडायच्या आत ते दगडात जातं. शिवाय बिनटीजीआयसीची (टीजीआयसी म्हणजे पॉलिस्टर कडक करणारं एक रसायन) जी पॉलिस्टर येते, ती भट्टीत पिकताना, म्हणजे कडक होताना, पाण्याची वाफ सोडते. स्प्रेच्या ६०-८० मायक्रॉनला त्याचा त्रास नाही, पण तापलेलं हेड पावडरीत बुडवलं की थर सहज १०० च्या वर जातो आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. बुडवायला हायब्रिड किंवा टीजीआयसीवाली पॉलिस्टर बरी. टीजीआयसीची धूळ मात्र आरोग्याला वाईट, त्यामुळे मास्कशिवाय डबी उघडू नका.

ही पावडर स्प्रे गनसाठी दळलेली, म्हणून विलायतीपेक्षा बारीक. फिश टँकच्या पंपावर फ्लुइड बेड (खालून हवा सोडून पावडर उसळती ठेवणारं नळकांडं) केला तर ती नीट उसळत नाही. एका बाजूला बीळ पडतं आणि सगळी हवा तिथूनच निसटते. नळकांड्याला सतत टिचक्या मारत राहिलं की चालते. त्यापेक्षा सोपं म्हणजे मऊ कोरडा ब्रश पावडरीत बुडवून तापल्या हेडवर झटकायचा. दोन रंग हवेत तर हीच पद्धत.

तापवायला हीट गन. स्पिरिटच्या दिव्याने काजळी धरते, आणि उडत्या पावडरीजवळ उघडी ज्योत ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. शिसं उष्णता फार धरून ठेवत नाही, त्यामुळे ३ ग्रॅमचं हेड गनपासून डबीपर्यंत येईतो निवतं आणि पावडर रवाळ राहते. २० ग्रॅमचं हेड नेमकं उलटं: दोनदा बुडवलं की नाकाशी थेंब लोंबतो. पावडर दोन सेकंदांत ओलसर चमकली की ताप बरोबर. त्याआधी कडेचे शिसाचे पापुद्रे कानशीने काढा आणि थिनरने पुसा. बोटाचं तेल राहिलं तर रंग तिथूनच सुटतो.

आता नेढं, म्हणजे गळाचं दोरी बांधायचं भोक. कोटिंगच्या गप्पांत याबद्दल कोणी बोलत नाही, आणि माझा सगळा वैताग इथेच आहे. पावडर वितळून गळाच्या नेढ्यात पडद्यासारखी बसते. मऊ असताना टाचणी घातली की दोन सेकंदांत मोकळं. भट्टीतून निघाल्यावर घातलीत तर टाचणी वाकते, ड्रिल लावावं लागतं आणि आत धारदार कडा उरते. ती कडा मोनो लाइन (गळाची एकपदरी नायलॉन दोरी) हळूहळू खाते. बाहेरून गाठ ठीक दिसते, मरळ लागली की नेमकी तिथेच तुटते, आणि दोष गाठीवर जातो. म्हणून पावडर लावण्याआधी नेढ्यावर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि रंग मऊ असतानाच टेप ओढून काढा. टेप १५-२० रुपयांची, पुरते महिनोन्महिने. सँड टेक्स्चर, म्हणजे वाळूसारखी खरखरीत, पावडर याच कारणासाठी बाद: नेढ्याच्या ओठावर कानशीसारखी बसते. विलायती पावडरही नेढं बुजवते, म्हणजे जास्तीचे पैसे मोजून यातून सुटका नाहीच.

भट्टीसाठी जुना ओटीजी, जो पुन्हा स्वयंपाकात जाणार नाही. हायब्रिडला १८० अंशांवर १५ मिनिटं. पॉलिस्टरला बहुतेक वेळा २०० वर १०, नेमकं पेटीवर लिहिलेलं असतं. हा वेळ धातू तेवढा तापल्यापासून धरायचा, बटण फिरवल्यापासून नव्हे. ओटीजीचा काटा खोटं बोलतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. शिसं ३२७ ला वितळतं, त्याची काळजी नाही. पण रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं सोल्डर मिसळून ओतलं असेल तर सांभाळा: ६३-३७ चं सोल्डर १८३ अंशांलाच पाणी होतं, आणि नुसत्या सोल्डरचं हेड २०० वर ट्रेमध्ये सांडलेलं सापडेल. बिस्मथ-कथिलाचं १३८ ला जातं, त्याला ही पावडर नाहीच.

पिकलं की नाही ते थिनरच्या बोळ्याने घासून पाहा. रंग बोळ्याला लागला तर कच्चं आहे, परत भट्टीत घाला. कच्चं हेड आमिषाच्या मऊ रबरी शेपट्यांच्या डबीत ठेवलं तर चिकट होतं आणि दगडावर पहिल्याच आपटीला टवका उडतो. नीट पिकलेलं हेड पुलाच्या दगडांवर घासूनही फक्त नाकाशी उघडं पडतं. एनॅमल आणि नेलपॉलिश या बाबतीत जवळपासही येत नाहीत.

रंगांत मात्र मार खातो. कोटिंगवाल्याकडे काळा, पांढरा, चॉकलेटी आणि सध्या जिथे-तिथे दिसणारा ७०१६ नंबरचा राखाडी. पोपटी फ्लोरोसंट मिळत नाही. शिवडा माशासाठी गढूळ पाण्यात तोच हवा असेल तर विलायती डबी घ्या, पण खाली पांढरा थर इथलाच द्या. फ्लोरोसंट पावडर अर्धपारदर्शक असते. शिशावर थेट लावली की मळकट दिसते आणि दुप्पट संपते.