शिकागोचं योल्लोकल्ली: रंग, माईक आणि दोन भाषा

शिकागोतल्या लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीत योल्लोकल्ली आर्ट्स रीच चालतं. नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टचा तरुणांसाठीचा हा कलाशिक्षणाचा उपक्रम १९९७ पासूनचा. वय १३ ते २४, फी शून्य. नाव नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं: हृदयाचं घर. स्पॅनिश वाचणारा दोन ‘ल’चा ‘य’ करतो, तेव्हा उच्चारावरून गोंधळू नका.

इथली खरी कमाई आवाजाच्या कामात, म्हणजे रेडिओ आणि ध्वनिमुद्रणात आहे. म्युझियमचं रेडिओ आर्ते, ९०.५ एफएम, तरुणच चालवायचे. ते स्टेशन पुढे विकलं गेलं, आवाजाचं शिक्षण मात्र टिकलं. आणि या वस्तीत ते सोपं नाही. मुलाखतीत आजी स्पॅनिशमध्ये बोलते, नातू प्रश्न इंग्रजीत विचारतो, मध्येच दोघं एका वाक्यात दोन्ही भाषा कालवतात. एकाच भाषेवर लावलेलं आपोआप मजकूर काढणारं सॉफ्टवेअर इथे हमखास फसतं, त्यामुळे मजकूर कानांनीच उतरवावा लागतो. मूळ बोलण्यावर भाषांतराचा आवाज बसवायचा तर आजीचं बोलणं आधी दोन-तीन सेकंद मोकळं ऐकू द्यायचं, मग साधारण १२ ते १५ डेसिबलनं खाली न्यायचं आणि शेवटचे दोन शब्द पुन्हा वर आणायचे. सुरुवातीपासूनच दाबलं तर माणूस गायब होतो, उरतो फक्त दुभाषी.

स्वयंपाकघरात मुलाखत घेतली की फ्रिजची घरघर येतेच. बोलणं संपल्यावर त्याच खोलीतली अर्धा मिनिट शांतता वेगळी रेकॉर्ड करा. नाहीतर काटछाट केलेल्या प्रत्येक जागी घरघर तुटते आणि सांधा कानाला टोचतो. माईक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका. समोर धरला की ‘प’ आणि ‘ब’ फटाक्यासारखे फुटतात.

भित्तिचित्रांचं काम डोळ्यांत जास्त भरतं, पण शिकागोची हवा त्याला वर्षभर वाव देत नाही. अॅक्रिलिक रंग साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली नीट धरत नाही, म्हणून बाहेरची भिंत मे ते ऑक्टोबरातच. शेजारच्या पिल्सनमध्ये १६व्या रस्त्याच्या रेल्वे भिंतीवर चित्रांची रांगच आहे. अशा मातीला टेकलेल्या भिंतीत पाणी मागून झिरपतं, लोणा (पांढरा खार) धरतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. लोणा खरवडून, भिंत सुकवून मगच प्रायमर. स्प्रेचा कॅन ठेवण्याआधी उलटा करून नुसता वायू येईपर्यंत दाबायचा. हा आळस केला की पुढच्या वेळी नोझल तुंबलेलं.

नोकरीसाठी सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र हवं असेल तर कम्युनिटी कॉलेज बरं. इथे मिळतं ते लोकांपुढे ठेवण्याजोगं काम. म्हणून जाताना स्वतःची हार्ड डिस्क न्या आणि नुसता एमपीथ्री न घेता मूळ वेव्ह फायली आणि संपादनाचं पूर्ण फोल्डर उतरवून आणा. वर्षभरानं एक वाक्य बदलायचं ठरलं तर सगळे आवाज एकत्र मिसळलेल्या एमपीथ्रीतून भाषांतराचा आवाज वेगळा काढता येत नाही.